भाजणी कधी दळता?

काय दोस्तांनो, झाले का सहामाहीचे पेपर? आता चार दिवस हात मोकळे असतील, तर या खेपेला जरा मोठं काम हाती घेऊ या.

नववीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. तो लिहितो, ‘बाई, मला वेबसाइट बनवायला शिकायचंय. बाबा म्हणतात क्लास लावू. ताई म्हणते, व्हिडिओ बघून सगळं येतं. कोणाचं खरं?’

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण दोघांनीही एक गोष्ट सांगायची ठेवलीच. तुमच्या ओळखीत कोणी शिवणकामाच्या क्लासला गेलंय का? तिथे सुरुवातीला कागदाचं झबलं कापायला शिकवतात. कागद फाटला तर दुसरा घ्यायचा! पण खरं शिवण कधी येतं? शेजारच्या काकू कापड घेऊन येतात आणि म्हणतात, ‘परवा लग्नाला घालून जायचंय,’ तेव्हा. आता कापड त्यांचं, माप त्यांचं आणि मांडवात मिरवणारही त्याच. मग बघा, टेप किती वेळा धरला जातो ते!

वेबसाइटचंही अगदी तस्संच आहे. क्लासमध्ये ‘माझा आवडता प्राणी’ असं पान सगळेच बनवतात. ते कागदाचं झबलं. करावं जरूर, पण तिथेच थांबू नये. आपल्या पानाची ज्याला खरोखर गरज आहे, असा एक माणूस शोधावा.

वेबचा जन्मसुद्धा अशाच गरजेतून झाला, बरं का! स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ ‘सर्न’ नावाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ येतात. त्या काळी प्रत्येकाचा संगणक वेगळा, माहिती ठेवण्याची तऱ्हा वेगळी. एकाची माहिती दुसऱ्याला सापडेल तर शपथ! तिथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी 1989 च्या मार्च महिन्यात यावर एक योजना लिहून दिली. त्यांच्या वरिष्ठांनी त्या कागदावर शेरा मारला, तो असा : अस्पष्ट, पण उत्साह वाटावा असं. नापास केलं नाही, हे आपलं नशीब! 1990 च्या अखेरीस जगातली पहिली वेबसाइट त्यांच्या संगणकावर चालू झाली. त्या संगणकावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. कोणी चुकून बटण दाबलं असतं, तर जगातली अख्खी वेब बंद!

आता गंमत ऐका. सर्नमधले लोक ही नवी वेब वापरू लागले ते कशामुळे? अणूंच्या गहन माहितीमुळे? छे! तिथली टेलिफोन डिरेक्टरी वेबवर टाकली, म्हणून. नंबर शोधायला आधी मोठ्या संगणकाशी झटापट करावी लागे, ते काम आता चुटकीसरशी होऊ लागलं. लोकांना हवं होतं ते मिळालं आणि लोक वळले. पुढे 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला फुकट खुलं करून दिलं. म्हणूनच आज तुम्ही-आम्ही कोणाची परवानगी न मागता पान बनवू शकतो.

हे सगळं मला का आठवलं, ते सांगते.

आमच्या गावातली एक मुलगी दहावीची परीक्षा देऊन घरी बसली होती. ‘माझं नाव छापू नका हं, बाई,’ असं तिने बजावलं आहे, म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू. ताईला वेबपानं बनवता येऊ लागली होती. तिने ठरवलं, गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांची वेबसाइट करून द्यायची. काका म्हणाले, ‘कर की पोरी. आपलं काय जातंय?’

चार दिवसांत पान तयार! काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. वर गरगर फिरणारं जातं. ‘आमच्या वेबसाइटवर आपलं सहर्ष स्वागत’. मग ‘आमच्याविषयी’, मग ‘आमचं ध्येय’. काकांनी मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून सगळं वाचलं. म्हणाले, ‘लई झ्याक झालंय. पण भाजणी कधी दळतो, ते कुठं लिवलंय?’

ताई गप्प! कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ज्यांनी कधी दळण आणलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गिरणीत एक दळण झालं, की थोडं पीठ आत राहतं. ते पुढच्या दळणात मिसळतं. म्हणून गिरणीवाले गव्हावर गहू दळतात, ज्वारीवर ज्वारी. भाजणीत धने-जिरे असतात, तिचा वास पुढच्या पिठाला लागतो, म्हणून तिचा वार ठरलेला असतो. आणि नवरात्र आलं, की राजगिरा, वरई, साबुदाणा घेऊन बायका येतात. त्यात गव्हाचा कणसुद्धा जाऊन चालत नाही, उपवास मोडतो ना! म्हणजे गिरणीत ‘काय दळता’ यापेक्षा ‘कधी दळता’ हा प्रश्न मोठा. काकांना हे रोजचं. ताईला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण तिच्या घरी तयार आटा यायचा.

मग ताईने काय केलं? संगणक बंद केला आणि वही-पेन घेऊन दोन संध्याकाळी गिरणीत जाऊन बसली. येणारी माणसं काकांना काय विचारतात, ते लिहीत गेली. तोच प्रश्न पुन्हा आला, की पुढे एक रेघ. दोन दिवसांनी वहीत पाच प्रश्नांपुढे रेघाच रेघा झाल्या. आज गिरणी चालू आहे का? किती वाजेपर्यंत? भाजणी कधी? तांदूळ आज टाकू का? मिरची दळता का? ‘तुमचं ध्येय काय?’ असं मात्र एकानेही विचारलं नाही!

दोस्तांनो, वेबसाइट बनवण्याचा पहिला धडा हा. तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, तो गिरणीच्या बाकड्यावर बसून मिळतो. पान ज्याचं आहे त्याला विचारा आणि पान जे वाचणार आहेत त्यांनाही विचारा. ही दोन माणसं वेगळी असतात, हे विसरू नका.

पुढचं काम कागदावर. पाठकोऱ्या कागदावर मोबाइलएवढी चौकट काढा. सगळ्यांत जास्त रेघा ज्या प्रश्नापुढे, त्याचं उत्तर सगळ्यांत वर. मग त्याखालचं. ताईच्या चौकटीत वर गिरणीचं नाव आणि वेळ आली, मग कोणत्या वारी काय दळतात याचा तक्ता, मग फोन नंबर. बस्स! फिरणारं जातं गेलं, ध्येयही गेलं. तिला वाईट वाटलं का? वाटलं की! त्या जात्यावर तिचा अख्खा दिवस गेला होता.

आता बनवायचं कसं? यासाठी महागडं काही लागत नाही. साधा संगणक, त्यातलं नोटपॅडसारखं लिहिण्याचं साधन आणि एक ब्राउझर, एवढं पुरे. बनवताना इंटरनेटही लागत नाही. दोन भाषा शिकायच्या. पहिली एचटीएमएल. ही खुणांची भाषा. मजकुरातलं हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता, अशा खुणा करायच्या. त्या खुणांना टॅग म्हणतात आणि ते टोकदार कंसात लिहितात. सुरुवातीला एक टॅग आणि शेवटी तोच टॅग तिरकी रेघ घालून, जसं अवतरणचिन्ह उघडतो आणि मिटतो तसं. मिटायला विसरलात, की पुढचा सगळा मजकूर शीर्षकाएवढा मोठा होऊन बसतो!

दुसरी भाषा सीएसएस. रंग कोणता, अक्षर केवढं, दोन ओळींत अंतर किती, हे तिच्यात सांगायचं. ही कल्पना होकोन वियुम ली यांनी 1994 साली मांडली, तीही सर्नमध्येच असताना. मजकूर एकीकडे आणि सजावट दुसरीकडे, हा तिचा फायदा. उद्या काका म्हणाले, ‘निळा रंग नको, हिरवा कर,’ तर एकाच ठिकाणी बदल करायचा. सगळं पान उसवायला नको.

ताईला या कामात तीन अडचणी आल्या. तुम्हालाही येतील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पहिली, मराठी अक्षरांची. तिने पान दुसऱ्या संगणकावर उघडलं, तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं! पूर्वी मराठी वेबसाइटचं असंच व्हायचं. ज्याच्या त्याच्या वेबसाइटचा फॉन्ट वेगळा, तो आपल्या संगणकात नसला की सगळी काशी. आता युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. फक्त फाइल साठवताना ‘यूटीएफ-8’ हा पर्याय निवडायचा आणि पानाच्या सुरुवातीलाही तसं लिहायचं. झालं काम!

दुसरी, फोटोची. तिने मोबाइलने काढलेला गिरणीचा फोटो जसाच्या तसा टाकला. असा फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. वाडीवर जिथे रेंज जेमतेम, तिथे पान उघडेचना. फोटो लहान करून दीडदोनशे केबीवर आणला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि पान पटकन येतं. शिवाय फोटोसोबत, तो कशाचा आहे हे शब्दांत लिहिण्याची एक जागा असते. ती रिकामी ठेवू नका. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल ते शब्द वाचून दाखवतो.

तिसरी, आकाराची. संगणकावर छान दिसणारं पान मोबाइलवर मुंगीएवढं झालं. ‘व्ह्यूपोर्ट’ नावाची एक ओळ पानाच्या डोक्यात लिहिली, की पान मोबाइलच्या रुंदीत बसतं. रंगांचंही बघा. मजकुराचा आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक हवा. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हा फरक निदान साडेचारास एक हवा, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. तो मोजून देणारी फुकट साधनं मिळतात. नाहीतर साधी युक्ती करा. भर उन्हात अंगणात उभं राहून मोबाइल बघा. वाचता आलं तर पास!

पान झालं. आता परीक्षा. ती कशी घ्यायची? ज्याने पान कधी पाहिलं नाही, अशा माणसाच्या हातात मोबाइल द्यायचा आणि एकच सांगायचं, ‘यातून भाजणीचा वार शोधून द्या.’ मग तोंडाला कुलूप! ‘खाली जा’, ‘तिथे दाबा’ असं काही म्हणायचं नाही. ताईने शेजारच्या आजींना मोबाइल दिला. आजी फोन नंबरवर बोट दाबत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, लागत का नाही?’ नंबर नुसता लिहिलेला होता, दाबला की फोन लागेल अशी सोय ताईने केलीच नव्हती. एका लहानशा टॅगचं काम. पण ते आजींमुळे कळलं.

आता खरी गोष्ट पुढे आहे.

पान दोन महिने छान चाललं. मग नवरात्र आलं. गर्दी वाढली, म्हणून काकांनी भाजणीचा वार मंगळवारऐवजी शुक्रवार केला आणि गिरणीच्या दारावर खडूने तसं लिहिलं. पानावर मात्र मंगळवारच राहिला. मंगळवारी पलीकडच्या वाडीवरून एक आजी भाजणीचा डबा डोक्यावर घेऊन आल्या. नातवाने सकाळी मोबाइलवर बघून सांगितलं होतं, म्हणून निर्धास्त आल्या होत्या. काकांच्या गिरणीत उपवासाचं दळण चाललेलं. डबा तसाच परत गेला. ताई तेव्हा गिरणीतच होती.

ती मला म्हणाली, ‘बाई, पेपरात चुकलं की मार्क जातो, तो माझाच. इथे मी घरी बसले होते आणि चालून आल्या त्या आजी.’

यावर मी काय बोलणार? नुसती मान हलवली.

पान नसतं, तर आजींनी आधी फोन करून विचारलं असतं. पान होतं, त्यावर विश्वास होता, म्हणून त्या निघाल्या. हे लक्षात घ्या. पान जितकं नीटनेटकं, तितका लोकांचा विश्वास जास्त आणि ते चुकलं तर फेराही तितकाच लांबचा.

ताईने मग पानात तीन बदल केले. बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढून सगळ्यांत वर एका ओळीत आणल्या. त्या ओळीशेजारी ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख घातली आणि तारीख जुनी असेल तर आधी फोन करा, असं लिहिलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ती एक ओळ मोबाइलवरून कशी बदलायची, हे काकांच्या मुलाला शिकवलं. एकदा दाखवलं, मग त्याच्याकडून तीन वेळा करून घेतलं. कारण ताई अकरावीला तालुक्याला जायला लागली होती. पान सोपवून देणं हाही कामाचाच भाग आहे, हे तिला गिरणीत कळलं. कुठल्याच व्हिडिओत कोणी ते सांगितलं नव्हतं.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या दोस्ता, तुझं उत्तर असं. क्लास लावलास तरी चालेल, व्हिडिओ बघितलेस तरी चालेल. पण एक गिरणी शोध! ती शिंप्याची असेल, वाचनालयाची असेल, मेसवाल्या मावशींची असेल. टॅग पुस्तकातून येतील. काय लिहायचं, काय गाळायचं आणि कोणाचा फेरा वाचवायचा, हे त्या माणसाशेजारी बसूनच येईल.

या आठवड्याचं काम

1. जवळचं एक दुकान किंवा संस्था निवडा. घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि परवानगी मागा.
2. तासभर बसा. लोक काय विचारतात ते लिहा आणि रेघा मारा.
3. पाठकोऱ्या कागदावर मोबाइलएवढी चौकट काढून तीनच गोष्टी बसवा.
4. तो कागद मालकांना दाखवा आणि विचारा, ‘यात काय राहिलं?’ ते बोलत असताना मध्ये बोलू नका. संगणक सुरू करायचा तो त्यानंतरच.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांनी असं काम घेतलं तर कौतुक करा, पण काही गोष्टी तुम्हीच बघा. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घ्यायचं झालं तर ते दुकानमालकाच्या नावावर असावं, मुलांच्या नव्हे. त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, हे मालकांना आधीच सांगा. खाती उघडायची ती मोठ्यांनी उघडावीत आणि पासवर्ड मालकांच्या वहीत असावा. कोणाचाही फोटो किंवा नंबर त्या माणसाला विचारल्याशिवाय पानावर जाऊ नये आणि मुलांचे स्वतःचे तर नकोच. 2023 साली झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच मानलं आहे, हे ध्यानात असू द्या.

आणि हो, काम किती, कधीपर्यंत आणि कोण काय देणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ताईच्या कागदावर मोबदला लिहिला होता : भाजणीचं दळण, वर्षभर फुकट!

तुमच्या वहीतले प्रश्न आम्हाला जरूर कळवा. सगळ्यांत जास्त रेघा कोणत्या प्रश्नापुढे पडल्या, ते वाचायला मी उत्सुक आहे. येते तर मग. भेटू पुढच्या अंकात!